राहता मजला

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजही पाणी आलं नाही. टाकी माझ्या डोक्यावर, आणि मला तोंड धुवायला पाणी नाही! खाली हाका मारल्या. सूनबाई, राजनंदिनी, म्हणाली, "आप्पा, मोटार जळेल, जरा थांबा." थांबलो. दुसरं काम तरी काय आहे?

कुलदीपनं मला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलंय. स्लॅब नवा, भिंतींना प्लास्टर नाही. सिमेंटचा वास नाकात बसलाय. बाहेरून लोखंडी गोल जिना. जन्मभर वाशीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढलो, त्यात गुडघे गेले. हा जिना मला चढता येत नाही, उतरणं तर लांबच. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. मी डोळे मिटून घेतले होते. एक जण म्हणाला, "आप्पा, हलू नका, नाहीतर सगळेच जाऊ."

कारण काय, तर पालिकेचं पथक येणार. निवडणूक झाली, आता पाडापाडी. आम्हा माथाड्यांना इथं बैठी घरं मिळाली होती, एकाला एक चिकटून. नियमानं वर एकच मजला. आमच्या लाईनीत नियमात बसणारं एक घर दाखवा! पण जिथं म्हातारं माणूस राहतं तिथं पथक सहसा हात लावत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणून सगळ्यांनी आपापली म्हातारी माणसं वर नेऊन ठेवलीत. शेवटच्या घरात कोणी म्हातारं नव्हतं. त्यांनी करंजाड्याहून लांबची मावशी आणली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर वारा. स्लॅब हलतो असं वाटतं. कुलदीपला सांगितलं. "आप्पा, स्लॅब नाही हलत, तुमचं डोकं हलतंय." आणि हसला. सूनही हसली.

८ फेब्रुवारी, रविवार

कुलदीप आज वर आला. बसला नाही, उभ्यानंच बोलला. परवा उंचीच्या नियमावर सुनावणी झाली म्हणे. हॉल भरला होता. समोरच्या टॉवरवाल्यांनी हरकत घेतली, की या लाईनींमुळे आमच्याकडे वारा येत नाही, पाण्याचा दाब कमी झाला, आग लागली तर बंब आत कसा शिरणार. चौदा मजल्यांवर राहून आमचा तिसरा मजला मोजतात!

पालिकेचे साहेब म्हणाले, रस्ता जेवढा रुंद तेवढी इमारत उंच, नियम साधा आहे. मागून कोणीतरी ओरडलं, "मग रस्ता रुंद करा की." साहेब म्हणाले, "करू. कोणाचं घर पाडून करू, हात वर करा." एकाचाही हात वर गेला नाही. सगळे हसले म्हणे.

शेवटी ठरलं ते असं. घरोघर मोजणी होणार. ज्या मजल्यावर माणूस राहतो त्याचा विचार नंतर. रिकामा मजला सरळ पाडणार.

"म्हणून तुम्ही महत्त्वाचे," कुलदीप म्हणाला. लहानपणापासून आजवर त्याच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. मी विचारलं, मोजणी झाल्यावर मला खाली आणणार ना? म्हणाला, "आणणार म्हणजे? तळाला दुकानामागची खोली तुमचीच. उंबऱ्यावर बसा, लोकांशी बोला." ती खोली मला हवी आहे. दुसरं काही नको. पाय जमिनीला लागले पाहिजेत. देवळाच्या कट्ट्यावर जाऊन आलो तरी बास.

जाताना म्हणाला, "साहेब आले की जरा खोकायचं. आडवं पडायचं. चटपटीत दिसू नका."

१० फेब्रुवारी, मंगळवार

डबा आता दोरीनं वर येतो. बादलीत ठेवतात, मी ओढायचा. सूनबाईचे पाय दुखतात म्हणे. आज आमटी सांडली. बादलीच्या तळातून बोटानं पुसून खाल्ली. कोणी बघत नव्हतं.

बघत होतं. शेजारच्या गच्चीवरून शकुबाई.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शकुबाई म्हणजे माझ्याच माथाडी टोळीतल्या मारोतीची बायको. मारोती जाऊन वर्षं झाली. तिच्या कुंदननं आणि आमच्या कुलदीपनं स्लॅब एकाच महिन्यात टाकले. आमच्या गच्चीत आणि तिच्या गच्चीत कमरेएवढी भिंत. तिलाही खुर्चीतूनच वर आणलं. सकाळी कुंदन न्हावा शेव्याला गाडीवर जातो, सून कामाला जाते, आणि जिन्याच्या खालच्या दाराला बाहेरून कुलूप लावतात. चोऱ्या होतात म्हणून. म्हातारीसकट कुलूप.

आज म्हणाली, "आप्पा, आपण बुजगावणी हाय. पाखरं येऊ नयेत म्हणून हुभी केल्याली."

मी म्हटलं, बुजगावण्याला खोकायला लावत नाहीत.

"तुमाला खोकाया सांगितलंय? मला कण्हाया सांगितलंय." आणि कण्हून दाखवलं. मी पण कण्हलो. तिला पटलं नाही. "असं न्हाई. पोटातनं काढा. गोणी पाठीवर घ्यायच्या वक्ताला काढायचा तसं." काढलं. खाली रस्त्यावरून कोणीतरी विचारलं, "वर काय झालं हो?" आम्ही दोघं भिंतीआड बसून तोंडाला फडकं लावून हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो.

मग ठरवलं की पथक आल्याचं ज्याला आधी कळेल त्यानं काठीनं मधली भिंत ठोकायची. तिला दुपारी झोप लागते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कुंदन रोज संध्याकाळी वर येतो. आईजवळ बसून चहा पितो. तिच्या पायाला तेल लावतो. मला भिंतीवरून सगळं दिसतं. आमचा कुलदीप आठवडाभर फिरकला नाही.

आज शकुबाईला म्हटलं, तुझ्या कुंदनचं बोलणं कानावर आलं. मोजणी झाली की तुला गावाला पाठवून देणार आहे, सुनेला तू जड झालीस.

असं काही ऐकलं नव्हतं. मनानंच सांगितलं.

तिचा चेहरा पडला. "कुणी सांगितलं?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, तू नाव घेऊ नको माझं. मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी कुंदन आला तर चहा तसाच राहिला. तो विचारतोय, आई काय झालं, आई काय झालं, आणि ही भिंतीकडे तोंड करून. मला झोप चांगली लागली. हे लिहू नये, पण लागली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लाईनीत बैठक. खाली रस्त्यावरच खुर्च्या टाकल्या. मला वरून सगळ्यांची डोकी दिसत होती. कुलदीपला टक्कल पडायला लागलंय, हे मला आज कळलं.

नगरसेवकाचा माणूस आला होता, हितेश. इथल्या गावातलाच. त्याच्या गावातही मजल्यांवर मजले आहेत, पण त्याला कोण विचारणार? माईकशिवाय बोलला तरी वर ऐकू येतो.

"काका, दादा, टेन्शन नको घेव कोनी. मी बोल्लोय वर. पन आयका, कारवाई दाखवावी तर लागनार. टॉवरवाले कोर्टात जातील. फोटो पायजे. यका लायनीशीं यक स्लॅब द्यावा लागंल. बाकीच्यांना कोन हात लावीत नाय."

 मग एकजण म्हणाला, "कोणाचा?"

"तो तुमी ठरवा. न्हायतर मोजनीत जो रिकामा निंगंल तो. मी कोनाचा नाव घेनार नाय, मना सगल्यांचीच मतं पायजेत." हशा पिकला. लोक घाबरले की जास्त हसतात.

मग एकेक जण सांगू लागला. आमच्याकडे आई आहे. आमच्याकडे वडील, अर्धांगवायू झालेले. आमच्याकडे मावशी. "ती मावशी करंजाड्याची ना? भाड्याची?" "भाड्याची कोणाला म्हणतोस रे?" कॉलर धरली. सोडवासोडव झाली.

शेवटी कोणीतरी म्हणालं, जुन्या मजल्यांना रंग आहे, प्लास्टर आहे, ते राहते दिसतात. कच्चे दोनच. कुलदीपचा आणि कुंदनचा. फोटोत तेच उठून दिसणार.

सगळ्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग शकुबाईकडे. जत्रेत बोकड बघावा तसं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जेवण गेलं नाही. स्लॅब पाडतात तेव्हा आधी माणसाला खाली काढतात का? की ओढतात? खुर्चीतून घसरलो तर? आणि मजला गेला तर कुलदीप मला कुठं ठेवणार? पहिल्या मजल्यावर भाडेकरू. दुसऱ्यावर ही दोघं आणि नात. गावचं घर भावाच्या पोरांनी घेतलं.

शकुबाई म्हणाली, "आप्पा, तुमचा न्हाईतर माजा. काय करायचं?"

मी म्हटलं, देव बघेल.

ती म्हणाली, "देवाला जिना चढाया येतो व्हय?"

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कुलदीप आला, बसला. चहा आणला होता. दोन कप. मला वाटलं, कुंदनसारखा बसलाय.

हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, आपला मजला गेला तर मी संपलो. तुम्हालाच जागा राहणार नाही. आणि कुंदनचा गेला तर तुम्ही खाली, लगेच. दुकानवाल्याशी बोललोय, मागची खोली तो सोडतोय. मी पांढरा रंग लावून घेतो. उंबऱ्याला कठडा करतो, धरून उठायला."

मी म्हटलं, मी काय करू शकतो रे?

"मी कुठं काय म्हटलं?" म्हणाला. चहा प्याला आणि गेला. कप माझे मलाच धुवायला लागले.

३ मार्च, मंगळवार

होळी. खाली सगळ्यांचा गोंगाट. बादलीतून पुरणपोळी आली, एक. थंड.

शकुबाईनं भिंतीवरून दोन दिल्या, वर तुपाची वाटी. म्हणाली, "कुंदनला मी इचारलं. गावाकडं धाडणार काय म्हून. पोरगं रडलं. म्हनलं, आई, असं कोन म्हनलं त्याचं नाव सांग. म्या न्हाई सांगितलं. तुमीबी कुणाकडनं तरी ऐकलं असंल."

पोळ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या. तिचा राग आला. माफ करणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो.

१० मार्च, मंगळवार

आज आले.

दुपारची वेळ. जिना वाजायला लागला, बुटांचा आवाज. कुलदीप पुढं, मागं साहेब आणि हातात मोबाईल धरलेला एक कारकून. साहेब तरुण होते, धापा टाकत वर आले. मी आडवा पडलो होतो, खोकलो. खरं तर मुद्दाम खोकायची गरजच नव्हती, भीतीनं खोकला आपोआपच आला.

काठी हाताशी होती. भिंत वीतभर लांब.

साहेबांनी नाव, वय विचारलं. "आजोबा, इथंच राहता?" म्हटलं, इथंच. "खाली जात नाही?" म्हटलं, जाता येत नाही. हे खरंच होतं. कारकुनानं फोटो काढला, माझा, भांड्यांचा, अंथरुणाचा. म्हणाला, "राहता आहे, सर."

मग साहेब गच्चीवर गेले. भिंतीवरून पलीकडे पाहिलं. शकुबाईचं दार लोटलेलं. ऊन आत येतं म्हणून ती लोटून झोपते. खाली कुलूप होतं, त्यामुळं पलीकडून कोणी वर आलं नव्हतं.

"बाजूला वर कोण राहतं?"

कुलदीप माझ्याकडे बघत राहिला. मला ती खोली दिसली, पांढरी, उंबऱ्याला कठडा.

म्हटलं, "कोणी नाही. सामान ठेवलंय."

"ही साडी?"

दोरीवर तिची हिरवी साडी वाळत होती. म्हटलं, "खालची माणसं येतात वाळत घालायला."

साहेब मान हलवून उतरले. जाताना म्हणाले, "आजोबांना सांभाळा." खाली तिच्या भिंतीवर लाल रंगानं फुली मारली. वरून दिसते.

काठी हातात होती. मी ठोकली नाही. ते गेल्यावर तासाभरानं शकुबाई डोळे चोळत बाहेर आली. "आप्पा, कोन आलं हुतं का? जिना वाजल्यावानी झाला."

म्हटलं, दूधवाला.

१२ मार्च, गुरुवार

कुंदन आमच्या जिन्यानं वर आला, माझ्याकडे. डोळे लाल. "आप्पा, फुली आमच्यावर. रिकामा म्हणून लिहिलंय! आई चोवीस तास वर असते. तुम्हाला विचारलं नाही का त्यांनी?"

म्हटलं, नाही विचारलं.

"हितेशनं केलं. त्याच्या नगरसेवकाला मी मत दिलं नाही." मग माझ्या पाया पडला. "तुम्ही साक्ष द्याल ना, की आई वर राहते? बाबांचे जोडीदार तुम्ही." म्हटलं, देईन. पण मला कुठं जाता येतंय? त्यांना वर पाठव.

कोणी आलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

पाडला.

सकाळीच पोलीस, ब्रेकर, टोपीवाले कामगार. टॉवरच्या खिडक्यांतून लोक मोबाईल धरून उभे होते. कुंदन साहेबांच्या पुढं आडवा झाला. "साहेब, आई राहते वर. बघा, बसलीय!"

साहेब म्हणाले, "मोजणीला नव्हती. पाडायच्या दिवशी सगळेच आई आणून बसवतात."

लाईनीतली सगळी माणसं दारात उभी. कोणी म्हणालं नाही की राहते.  करंजाड्याची मावशी तेवढी वरून ओरडली, "आरं ती ऱ्हातीय की!" तिला तिच्या माणसांनी आत ओढलं.

शकुबाई कण्हली. पोटातून, आम्ही शिकलो होतो तसं. कोणी ऐकलं नाही. दोन बायका पोलीस आल्या, तिचे हात चौकटीवरून सोडवले. एक बोट, मग दुसरं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, तुमी तरी सांगा की ह्यास्नी."

मी खोकत बसलो.

मग ब्रेकर. माझी भांडी मांडणीवरून पडली. सगळीकडे धूळ, तोंडात, अंथरुणात. कुलदीपनं खालून हाक मारली, "आप्पा, ठीक ना?" पहिल्यांदाच विचारलं. आवाज आनंदी होता. दुपारी हितेशनं लोकांना वडापाव वाटले. बादलीतून मलाही एक आला.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारायला सगळे वर आले, कारण आता लाईनीत सगळ्यात उंच गच्ची आमची. नातीनं साखरेची माळ माझ्या गळ्यात घालून फोटो काढला. शेजारी नुसत्या सळ्या वर आलेल्या. त्यांच्याकडे गुढी नव्हती.

मी कुलदीपला म्हटलं, आता मला खाली कधी नेतोस?

तो गुढीच्या काठीला बांधलेला सुतळीचा फास घट्ट करत होता. म्हणाला, "आप्पा, आता कसं? तुमच्या नावानं 'राहता' लागलाय मजला. फोटो आहे तुमचा. कायम करायला पुन्हा बघायला येणार, कधीही. तुम्ही नाही दिसलात तर?"

कधीपर्यंत?

"दोन वर्षं म्हणतात. पाचही लागतील." सूनबाई म्हणाली, "वारा किती छान आहे पण इथं." आणि ती मागची खोली? "ती दुकानवाल्यानंच ठेवली. गोदामाला."

 दोन वर्षं मी जगलो पाहिजे, असं त्याला वाटतंय. आजपासून औषधं वेळेवर येतात.

२४ मार्च, मंगळवार

कुंदनकडे वर जागा उरली नाही, म्हणून त्यानं खालचा भाडेकरू काढला आणि आईला तळाला आणलं. सकाळी शकुबाई उंबऱ्यावर बसली होती, पाय रस्त्यात सोडून, कोथिंबीर निवडत. येणारे-जाणारे थांबत होते, बोलत होते. देवळात जाऊन आली असावी, कपाळाला शेंदूर होता. तिनं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला, मी दिसलो तशी हसली.

"आप्पा, या की खाली. ऊन लई ग्वाड पडलंय."